वाचन-सप्ताहाच्या नोंदी : चित्रपुस्तकं, कादंबऱ्या आणि थांबायच्या जागा

शनिवार, 6 मे. निवड आणि वेळेचं गणित

सोमवारपासून सहा दिवस, वाचनालयाच्या बालविभागात, सकाळी दोन गट. साडेनऊला छोटे (वय 4 ते 7), अर्धा तास. साडेदहाला मोठे (9 ते 12), चाळीस मिनिटं. छोट्यांना चित्रपुस्तकं, मोठ्यांना कादंबरी. मात्र मोठ्यांच्या तासातही रोज एक चित्रपुस्तक ठेवलं आहे. "आता मोठा झालास, अक्षरांची पुस्तकं वाच" असं म्हणून नवव्या-दहाव्या वर्षी चित्रपुस्तक हातातून काढून घेतलं जातं. चित्रातला बारकावा पकडून त्यावर वाद घालण्याची ताकद मुलांत येते ती नेमकी त्याच वयात.

मोठ्याने वाचताना मराठीचा सोसवेल असा वेग मिनिटाला 100 ते 110 शब्द. क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. त्याहून जलद वाचलं तर क्रियापद येईपर्यंत मागच्या रांगेतल्याने कर्ता विसरलेला असतो. मोठ्यांच्या चाळीस मिनिटांतून चित्रपुस्तकाला दहा, कालचा धागा जुळवायला चार-पाच. कादंबरीला उरली पंचवीस. म्हणजे जेमतेम अडीच हजार शब्द. छापील पानावर 250 शब्द धरले तर रोज दहा पानं, आठवड्याला साठ. दीडशे पानांची कादंबरी एका आठवड्यात मोठ्याने वाचून होत नाही, हे सोमवारआधी मान्य करून टाकलेलं बरं. नाहीतर गुरुवारपासून पानं गाळणं सुरू होतं, आणि गाळलेल्या पानांतलं पात्र शुक्रवारी अचानक समोर उभं राहतं.

निवडीची कसोटी एकच ठेवली : पुस्तकात थांबायच्या जागा कुठे आहेत? चित्रपुस्तकात त्या छापूनच येतात. मोठा कागद घड्या घालून सोळा पानं होतात, अशा दोन कागदांची बत्तीस. म्हणून जगभर चित्रपुस्तकं बहुतेक बत्तीस पानांची असतात. शीर्षकाचं पान, प्रकाशकाचा मजकूर वगळला की बारा ते चौदा जोडपानं (समोरासमोरची दोन पानं) उरतात. तेवढ्या वेळा पान उलटतं, गोष्ट क्षणभर थांबते, आणि लेखक-चित्रकाराने ते थांबणं मोजूनमापून ठेवलेलं असतं. कादंबरीत ही सोय नाही. तिथे पान कुठेही संपतं, वाक्याच्या मधोमधही. थांबायची जागा वाचणाऱ्याने आदल्या दिवशी शोधून ठेवायची.

याच कसोटीवर 'श्यामची आई' यादीत वर आलं. साने गुरुजींनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात ते लिहिलं, आणि प्रकरणांना प्रकरणं न म्हणता 'रात्र' म्हटलं : रात्र पहिली, रात्र दुसरी. श्याम रोज रात्री आश्रमातल्या मित्रांना एक आठवण सांगतो, हीच पुस्तकाची बांधणी. मोठ्याने, थोडं थोडं वाचायचं पुस्तक कसं रचावं याचा घरचाच नमुना. त्यातली एकच रात्र, गुरुवारी. मुख्य वाचन 'तोत्तोचान' या जपानी पुस्तकाच्या मराठी अनुवादाचं. शुक्रवारी फास्टर फेणे.

सोमवार, 8 मे. बसणं, उजेड, पंखा, अळीचं पुस्तक

छोट्या गटात अठरा मुलं. पुस्तक ए-फोर आकाराचं असेल तर दोन-अडीच मीटरपर्यंतच्या मुलाला चित्रातले चेहरे दिसतात; त्यापलीकडे रंगच तेवढे कळतात. म्हणून गोल न करता अर्धवर्तुळात दोन रांगा, पुढची सतरंजीवर, मागची बाकावर. वाचणारा बुटक्या स्टुलावर. खुर्ची उंच पडते, पुढच्या रांगेला मान मागे टाकावी लागते आणि पाच मिनिटांत मुलं आडवी होतात. अठरा-वीस सेंटिमीटरची छोटी चौकोनी पुस्तकं या गटापुढे धरूच नयेत. ती पाच-सहा मुलांची पुस्तकं आहेत.

खिडकी मुलांच्या पाठीशी हवी. वाचणाऱ्याच्या पाठीशी आली की पुस्तकाचं तोंड अंधारात जातं. चकचकीत आर्ट पेपरवर ट्यूबलाइटची पांढरी पट्टी पडते, ती पुस्तक वरच्या कडेने थोडं पुढे झुकवलं की जाते. मे महिन्यात पंखा बंद ठेवता येत नाही आणि पंखा पानं उलटतो. उपाय : दोन्ही हात वापरायचे. डाव्या हाताने पुस्तक खालून, शिवणीपाशी धरायचं, अंगठा पुढे, चार बोटं मागे. उजवा हात उजव्या पानाच्या वरच्या कोपऱ्यावर. खालचा कोपरा धरून उलटलं तर मनगट चित्रावरून जातं.

पहिलं पुस्तक एरिक कार्ल यांचं, भुकेल्या अळीचं, 1969 चं. अळी सोमवारी एक सफरचंद खाते, मंगळवारी दोन नासपती, असं करत शनिवारी दहा पदार्थ फस्त करते. सप्ताहाच्या सोमवारी सुरुवात करायला याहून सोयीचं काय असणार? यातली फळांची पानं पायरी-पायरीने रुंद होत जातात आणि प्रत्येक फळाला भोक आहे. अशा छाट-पानांचं पुस्तक परवडेल असं छापून देणारा अमेरिकेत मिळेना, म्हणून पहिली आवृत्ती जपानात छापली गेली. वाचताना अडचण अशी की दोन अरुंद पानं एकदम उलटतात आणि मंगळवार गायब होतो. आदल्या दिवशी सगळी पानं एकदा सुटी करून घ्यायची, आणि वाचताना पान उलटण्याआधी फळं मोजायचं काम मुलांकडे द्यायचं; मंगळवार सुटला तर मुलंच ओरडतात. भोकांत बोटं जाणारच. अडवू नये, पण भोकाच्या कडेला आतून पातळ टिश्यूचं कडं आधीच चिकटवून ठेवावं. फाटायला सुरुवात तिथूनच होते.

मोठ्या गटात हेच पुस्तक तीन मिनिटांत. नऊ-दहा वर्षांची मुलं पुस्तक कसं बनवलंय यावर बोलतात, गोष्टीवर नाही. बोलू द्यावं.

मंगळवार, 9 मे. छापून घेतलेली पुस्तकं

प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर (2015 पासून सुरू) मराठी चित्रपुस्तकं भरपूर आहेत, चार पातळ्यांत लावलेली, आणि मुक्त परवान्याची : लेखक, चित्रकार, प्रकाशक यांची नावं राखून छापता येतात, वाटता येतात. नावांचं पान पैसे वाचवायला गाळायचं नाही. ती परवान्याची अट आहे.

छपाईत पुस्तक बिघडतं ते नेहमी एकाच जागी. पीडीएफ घेऊन झेरॉक्सवाल्याकडे 'बुकलेट' म्हणून छापायला दिलं की तो चारच्या पटीत पानं बसवतो. पीडीएफ चौदा पानांचं असेल तर दोन कोरी पानं कुठेतरी शिरतात. ती शेवटी गेली तर ठीक. मुखपृष्ठाच्या मागे एक शिरलं की सगळी पानं एकेका घराने सरकतात : जे चित्र डाव्या-उजव्या पानांवर मिळून पसरलेलं होतं, त्याचं हत्तीचं तोंड एका बाजूला आणि शेपूट पान उलटल्यावर. त्याहून वाईट म्हणजे उलटल्यावर दिसायचं ते गुपित आधीच समोरच्या पानावर उघडं पडतं. म्हणून छापायला देण्याआधी चार कागद दुमडून त्यांवर पेन्सिलीने पानांचे आकडे घालून डमी करायची. कोरी पानं कुठे टाकायची ते आपण ठरवायचं, यंत्राने नाही. रंगीत छपाई 100 ते 120 जीएसएमच्या (चौरस मीटरला इतके ग्रॅम) कागदावर. साध्या 70 जीएसएमच्या कागदातून मागचं चित्र झिरपून दिसतं, आणि झिरपलेलं चित्रही गुपित फोडतंच.

पडद्यावर दाखवायचं असेल तर पीडीएफमध्ये 'दोन पानं शेजारी' आणि 'मुखपृष्ठ वेगळं' या दोन्ही खुणा चालू करायच्या. एकच चालू राहिली तर वरचाच घोटाळा. तीस-चाळीस मुलांसाठी पडदा सोयीचा, यात वाद नाही. पण कोपरा उचलला जातोय हे मुलांना दिसत नाही आणि बटण दाबलं की चित्र एकदम बदलतं. ती अर्ध्या सेकंदाची चाहूल गेली की "आता बघा हं" असं तोंडाने म्हणावं लागतं, आणि तिसऱ्या पानानंतर त्या म्हणण्याचा कंटाळा येतो.

छोट्यांसाठी आज पहिल्या पातळीचं पुस्तक, पानाला एक ओळ. एका ओळीच्या पुस्तकात घाई होते. ओळ वाचायला चार सेकंद लागतात, चित्र पाहायला वीस. आधी चित्र, मग ओळ, मग पुन्हा चित्र, हा क्रम धरला की अर्ध्या तासात दोन पुस्तकं होतात. जास्त नकोत.

बुधवार, 10 मे. 'तोत्तोचान' मोठ्याने वाचताना

तेत्सुको कुरोयानागी यांचं हे पुस्तक जपानीत 1981 मध्ये आलं. मराठी अनुवाद चेतना सरदेशमुख गोसावी यांचा, नॅशनल बुक ट्रस्टचा. काटेकोर बोलायचं तर ही कादंबरी नाही, आठवणी आहेत. तोत्तोचान ही मुलगी ज्या शाळेत जाते ती तोमोई शाळा खरी, मुख्याध्यापक कोबायाशी खरे, वर्ग भरायचे ते जुने सहा रेल्वे डबे खरे. मुलांना ते कादंबरीसारखंच वाचायला दिलं जातं आणि ते तसंच वाचलं जातं. प्रकरणं दोन ते चार पानांची, त्यामुळे आपल्या दहा पानांत तीन-चार पुरी बसतात. सोमवार-मंगळवारी सुरुवातीची झाली : रेल्वेचं तिकीट जमा करायला नाखूश असलेली तोत्तोचान, आधीच्या शाळेने काढून टाकण्याची कारणं, आणि चार तास तिचं बोलणं ऐकणारे मुख्याध्यापक.

खुणा करायची पद्धत : वाचनालयाच्या प्रतीत पेन्सिल नको, चिकट चिठ्ठ्याही नकोत, त्यांचा डिंक कागदावर राहतो आणि त्यावर धूळ बसते. साध्या कागदाच्या बोटभर रुंद पट्ट्या, पानाच्या वर डोकावणाऱ्या. तीन प्रकार. एक रेघ : इथे नुसता श्वास. दोन रेघा : इथे मान वर करून मुलांकडे बघायचं. फुली : आजचं वाचन इथे थांबवता येईल. फुल्या दोन ठेवायच्या, एक पंधराव्या मिनिटाच्या आसपास, एक पंचविसाव्या. गट चुळबुळायला लागला तर पहिलीवर थांबायचं.

आजचं प्रकरण झाडावर चढण्याचं. वर्गातल्या यासुआकी-चानला पोलिओ झालेला, त्याला तोत्तोचान आपल्या झाडावर बोलावते. ती शिपायाच्या खोलीतून शिडी ओढत आणते, धरून ठेवते, आणि त्याला पहिलीच पायरी चढता येत नाही. इथे दोन रेघा. पुस्तक इथे थांबत नाही, पुढच्याच ओळींत ती दुसऱ्या, घडीच्या शिडीकडे धावते. वाचणाऱ्याने मात्र पाच सेकंद थांबायचं. कुणीतरी उपाय सुचवतंच : दोरी, खांद्यावर घे, खालून ढकल. त्यावर "बरोबर" किंवा "चूक" काहीच न म्हणता पुढे वाचायचं. वर पोहोचेपर्यंत मग कुठेच थांबायचं नाही, पट्टीही नाही. तो परिच्छेद तुटला की चढणं तुटतं.

डब्याचं प्रकरण जेवणाआधी वाचू नये, लक्ष राहत नाही. तोमोईत रोजच्या डब्यात समुद्रातलं काहीतरी आणि डोंगरावरचं काहीतरी असावं असा नियम. मुख्याध्यापकांच्या पत्नी दोन भांडी घेऊन फिरायच्या, ज्याच्या डब्यात एक बाजू नसेल त्याला त्यातून मिळायचं. इथे प्रश्न विचारायची गरज पडत नाही. सुकट समुद्राची, भाकरी डोंगरावरची, साबुदाणा कुठला यावर गट आपोआप दहा मिनिटं चालतो.

पुस्तकातली चित्रं चिहिरो इवासाकी यांची. त्या 1974 मध्ये वारल्या, पुस्तकाच्या सात वर्षं आधी. ती चित्रं या गोष्टीसाठी काढलेलीच नाहीत, त्यांच्या कामातून निवडलेली आहेत. मोठ्या गटाला हे वाचनानंतर सांगितलं, मग पुस्तक फिरवलं. मुलं मग चित्र आणि मजकूर कुठे जुळतो, कुठे नुसता शेजारी बसतो, हे शोधायला लागतात. एक प्रत, वीस मुलं असतील तर दोघा-दोघांना एक मिनिट. घड्याळ मुलांपैकीच एकाकडे.

गुरुवार, 11 मे. शब्द नसलेली पानं, एक रात्र

मोठ्या गटाला मॉरिस सेंडॅक यांचं 1963 चं पुस्तक : मॅक्स नावाचा मुलगा, लांडग्याचा पोशाख, राक्षसांचं बेट. इंग्रजी प्रत हातात, मराठी तोंडाने. मजकूर साडेतीनशे शब्दांच्या आत, त्यामुळे तोंडी मराठी आधी लिहून काढायला तासभर पुरतो. वेळेवर जुळवत बसू नये. अडचण एकच, वाक्यं पानांवरून वाहत जातात. इंग्रजीत अर्धं वाक्य क्रियापदासकट एका पानावर राहतं आणि बाकीचं उलटल्यावर येतं. मराठीत सरळ वळवलं तर क्रियापदच पुढच्या पानावर जातं आणि डोळ्यांपुढच्या चित्रात काय चाललंय ते कळत नाही. म्हणून प्रत्येक पानापुरतं वाक्य पुरं करून शेवटी "आणि..." लटकत ठेवायचं.

या पुस्तकात चित्रांचा आकार गोष्ट सांगतो. सुरुवातीची चित्रं लहान, भोवती पांढरी जागा भरपूर. खोलीत जंगल वाढतं तसं चित्र वाढतं, कडा ओलांडतं, शेवटी सलग तीन जोडपानं नुसतं चित्र, एक शब्द नाही. तिथे वाचणाऱ्याला रिकामं वाटतं आणि तो काहीतरी बोलायला लागतो. बोलू नये. मनात दहापर्यंत मोजायचं, पान उलटायचं, पुन्हा दहा. दंगा मुलं करतात, तो त्या पानांचाच आवाज आहे. मग चित्रं आक्रसत येतात आणि शेवटच्या पानावर चित्रच नाही, नुसते शब्द. पुस्तक मिटल्यावर एवढंच विचारलं : "पांढरी जागा कधी संपली?" पुस्तक पुन्हा मागितलं जातं ते याच प्रश्नाने.

छोट्यांना आज मजकुराशिवायचं पुस्तक. इथे दोन प्रश्न चालतात : "इथे काय काय दिसतंय?" आणि "कशावरून?" दुसरा महत्त्वाचा. "आई रागावलीय." "कशावरून?" "हात कमरेवर आहेत." हे चित्रवाचन. "यावरून आपण काय शिकलो?" हा प्रश्न दोन्ही गटांत पूर्ण आठवडा बंद आहे. पालक मागे बसले असतील तर त्यांनाही आधीच सांगून ठेवायचं. गोष्ट संपली की तात्पर्य विचारण्याची सवय बहुधा त्यांचीच असते.

'श्यामची आई'तली रात्र मोठ्या गटाला. सोवळं, पत्रावळ, द्रोण अशा शब्दांसाठी मध्ये थांबलं तर रात्र पुरी होत नाही. ज्या शब्दावाचून गोष्ट अडेल तेवढेच दोन-तीन सुरुवातीला, वस्तू दाखवून. पत्रावळ मंडईत मिळते. बाकीचे शब्द संदर्भाने कळतात किंवा राहतात.

शुक्रवार, 12 मे. फास्टर फेणे

फास्टर फेणे म्हणजे भा. रा. भागवतांच्या साहसकथांचा नायक बनेश फेणे, पुण्याजवळच्या फुरसुंगीचा. "ट्टॉक!" हा त्याचा आवाज अक्षरं वाचून काढायचा नाही; जीभ टाळूला लावून सोडायची, खटका वाजला पाहिजे. आदल्या दिवशी सराव. दुसऱ्या वेळेपासून तो आवाज मुलांकडे सोपवायचा : पट्टीवर फुलीऐवजी टिंब, टिंब आलं की वाचणारा थांबतो आणि गट ट्टॉक करतो.

जुनी साहसकथा असल्याने तार करणं, ट्रंककॉल लावणं आलं तर अडतं. तारसेवा जुलै 2013 मध्ये बंद झाली. या गटातल्या बहुतेकांनी तो शब्दच ऐकलेला नाही. एक वाक्य आधी : "घाईचा निरोप पोस्टातून जायचा, शब्दावर पैसे लागायचे." साहसकथेत प्रकरण संपतं ते संकटात, म्हणून दिवसाचं वाचन प्रकरणाच्या टोकाला संपवण्याचा मोह होतो. दर वेळी तसं केलं की मुलं दोन दिवसांत ओळखतात. आज मुद्दाम प्रकरणाच्या मध्यावर, पाठलाग सुरू व्हायच्या आधी, पात्रं निवांत बसलेली असताना थांबलो. मागणी कमी झाली नाही. पुस्तक मागायला तिघे टेबलापाशी आले, प्रत एकच, नाव-यादी केली.

शनिवार, 13 मे. डागडुजी आणि घरी देणं

आठवड्यात फाटलेली पुस्तकं सकाळच्या गटांनंतर. सेलोटेप नाही : दोन-तीन वर्षांत ती पिवळी पडते, डिंक कडेने बाहेर येऊन शेजारचं पान चिकटतं, आणि काढायला गेलं की छपाईसकट निघते. त्याऐवजी मैद्याची खळ : एक चमचा मैदा, पाच चमचे थंड पाणी, गुठळ्या मोडून मंद आचेवर पारदर्शक दिसेपर्यंत ढवळायचं, गाळून गार करायचं. फ्रिजमध्ये तीन दिवस, नंतर फेकून द्यायची. जुन्या बाइंडरांच्या खळीत किडीसाठी मोरचूद असतो. मुलांच्या पुस्तकांत तो घालायचा नाही, पानं तोंडात जातात. पातळ टिश्यूची सेंटिमीटरभर रुंद पट्टी कात्रीने न कापता फाडून घ्यायची. फाडलेली कड कागदात मुरते, कापलेली जाणवते. खळ पट्टीला लावायची, पुस्तकाला नाही. दोन्ही बाजूंना बटर पेपर, वर जड ठोकळा, रात्रभर.

आर्ट पेपरवर खळ अगदी घट्ट आणि कमी. त्या कागदावरचा लेप ओला झाला की पान समोरच्या पानाला धरतं आणि पुढे ते सुटत नाही. पावसाळ्यात पुस्तकं चिकटतात तीही यानेच, म्हणून जूनच्या आधी आर्ट पेपरची पुस्तकं कपाटात उभी आणि सैल लावायची, भिंतीपासून चार बोटं दूर.

मध्यावर पिना मारलेली पुस्तकं : पिना गंजल्या की मधलं जोडपान आधी सुटतं, आणि मधलं जोडपान म्हणजे बहुधा सगळ्यात मोठं चित्र. गंजक्या पिना मागून वाकवून काढायच्या, तीन भोकं पाडायची (मधलं मध्यावर, कडेची टोकांपासून तीन सेंटिमीटरवर), पुस्तकाच्या उंचीच्या अडीचपट सुती दोरा मेण लावून घ्यायचा. आतून मधल्या भोकातून बाहेर, वरच्या भोकातून आत, आतल्या बाजूने मधलं ओलांडून खालच्या भोकातून बाहेर, परत मधल्यातून आत. दोन्ही टोकं आतल्या लांब टाक्याच्या दोन अंगांना यायला हवीत. टाका मध्ये धरून गाठ. दोन्ही टोकं एकाच अंगाला आली तर गाठ सरकते आणि पानं हलतात.

घरी द्यायचं ते एका मुलाला दोन : एक चित्रपुस्तक, एक कादंबरी, वय न बघता. मुदत कादंबरीला चौदा दिवस, चित्रपुस्तकाला सात. 'तोत्तोचान' सगळ्यांनाच हवं, म्हणून ज्यांनी रोज ऐकलं त्यांना ते शेवटी आणि ज्यांचे दिवस चुकले त्यांना आधी. अळीचं पुस्तक घरी जाणार नाही. भोकांची कडी सुकायला अजून एक दिवस, मग आतल्या खिशाला चिठ्ठी लावून वाचनकक्षाच्या मांडणीत.